मॅक्रो लेन्सने हॉलमधलं बॅडमिंटन काढायचंय, वेडेपणा आहे का?

अर्धाउजेड:

मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतोच. माझ्याकडे १०५ मिमी एफ/२.८ मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) आहे, फुलं आणि किडे काढायला घेतलेली, त्या कामाला एकदम झकास, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. दुसरी लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेला किट झूम, जो लांबच्या टोकाला एफ/५.६ वर जाऊन बसतो (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी). बॉडी १.५ क्रॉपवाली (लहान सेन्सरची, त्यामुळे चित्र दीडपट घट्ट येतं) डीएसएलआर, नवी नाही.

आता झालंय असं की लेक बॅडमिंटन खेळायला लागलीये आणि मॅचेस सगळ्या बंद हॉलमध्ये. दिवे वर कुठेतरी लांब टांगलेले, डोळ्यांना उजेड भरपूर वाटतो पण कॅमेऱ्याला विचारलं तर तो रडतो. किट झूमवर शटर १/५०० सेकंद ठेवलं की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) १२८०० मागतो, १/१२५ ठेवलं की चेहरा ठीक पण रॅकेटचा हात कोपरापासून पुढे गायब. मग डोक्यात आलं की अरे एफ/२.८ ची टेली तर कपाटात पडलीये, नावात मॅक्रो असलं म्हणून तिला लांबचं दिसत नाही असं थोडंच आहे. लावली.

तर फोकस लागला तर लागला, नाही लागला की लेन्स जी निघते ती पार नाकासमोरच्या अंतरापर्यंत जाते, तिथून वळून परत अनंतापर्यंत, घर्र घर्र करत, आणि तोवर पॉइंट संपून पोरी शटल उचलायला गेलेल्या. व्ह्यूफाइंडरमध्ये नुसतं दूध. दीडशे फोटोंत जेमतेम बारा कामाचे निघाले. पण ते बारा असे शार्प आलेत की रॅकेटची एक तार सैल झालीये तेही दिसतंय, म्हणून तर जीव अडकलाय, नाहीतर कधीच सोडून दिलं असतं.

हे लेन्सच्या जातीतच आहे की माझंच काही चुकतंय? लेन्सवर एक खटका आहे, एका बाजूला इंग्रजीत फुल (FULL) लिहिलंय, त्याला मी आजवर हात लावलेला नाही. स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं का बंद? आणि अजून एक, किडे काढताना एफ/२.८ ठेवलेलं असतं तरी जवळ गेलं की स्क्रीनवर ४.८ येतं, मग हॉलमध्ये मला खरंच २.८ मिळतंय की तिथेही फसवाफसवी?

एफ_एकआठ:

८५ एफ/१.८ घे आणि सुखी हो. मॅक्रो किड्यांना ठेव. विषय संपला.

माळरान:

@एफ_एकआठ तुझा विषय नेहमी दोन ओळींत संपतो बाबा. त्याने हातातल्या लेन्सचं विचारलंय.

अर्धाउजेड, ज्याला हात लावला नाहीस तो खटकाच तुझं निम्मं दुखणं आहे. तो फोकस लिमिटर. फुलवर ठेवलंस की लेन्सला एकास एकपासून (इतकं जवळ की वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी येते) अनंतापर्यंत सगळीकडे हिंडायची मुभा असते आणि मॅक्रोमध्ये हे हिंडणं साध्या लेन्सपेक्षा कितीतरी मोठं असतं. हिशोब करून बघ, साधी जुन्या पद्धतीची १०५ मिमी लेन्स धर, जिच्यात आख्खी काच पुढे सरकते. तिला एकास एकला जायचं तर अनंताच्या जागेपासून पूर्ण १०५ मिमी पुढे यावं लागतं. आणि ५ मीटरवरून अनंताला जायला? जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. म्हणजे हॉलमध्ये तुझं जे काही काम आहे ते सगळं त्या सव्वादोन मिलिमीटरात चाललंय आणि लेन्स चुकली की उरलेल्या शंभरात भटकून येते. आजच्या लेन्समध्ये आतले गट सरकतात म्हणून हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण प्रमाण याच जातीचं.

खटका लांबच्या बाजूला टाक. बहुतेक १०० ते १०५ च्या मॅक्रोंवर तो अर्ध्या मीटरच्या आसपास तोडतो, म्हणजे ०.५ मीटर ते अनंत. त्याने भटकणं बरंच कमी होतं, पण पूर्ण थांबत नाही, कारण अर्धा मीटर ते दहा मीटर हा पल्लाही काही लहान नाही. त्यामुळे दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. पॉइंट सुरू व्हायच्या आधी, पोरगी जिथे उभी आहे तिथल्या जमिनीवरच्या रेषेवर फोकस करून ठेव. लेन्स आधीच त्या गावात असली की उरलेलं दोन पावलांचं अंतर ती पटकन कापते. लांबून यायला सांगितलंस की चुकते. बहुतेक लोक मॅक्रोला स्लो म्हणतात ना, ती स्लो नसते फार, तिचा चुकल्यावरचा फेरा मोठा असतो.

आणि हाताने फोकस करायला जाऊ नकोस, निदान खेळ चालू असताना. जवळच्या अंतरांना रिंगवर ऐसपैस जागा दिलेली असते आणि ३ मीटरच्या पुढचं सगळं जग शेवटच्या बोटभर जागेत कोंबलेलं असतं. केसभर हललं तरी १० मीटरचं १४ मीटर होतं.

चतुरमागे:

मी किडेवाला, बॅडमिंटनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्या ४.८ चं मी सांगतो, कारण त्याने मीही एकेकाळी हैराण होतो.

फसवाफसवी नाहीये. जवळ जाताना लेन्समधून येणारा उजेड मोठ्या वर्तुळावर पसरतो म्हणून तेवढ्याच जागेवर कमी पडतो. साधं सूत्र असं की एफचा आकडा गुणिले (एक अधिक मॅग्निफिकेशन), म्हणजे एकास एकला २.८ चं ५.६, दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आतून फोकस करणाऱ्या लेन्समध्ये जवळ जाताना फोकल लेंग्थच थोडी कमी होते, मग आकडा ४.८ वगैरे थांबतो. काही कंपन्यांच्या बॉड्या हा खरा आकडा दाखवतात, काही नुसता रिंगवरचा २.८ दाखवत राहतात आणि गुपचूप शटर लांबवतात. उजेड दोन्हीकडे जातोच. हॉलमध्ये १० मीटरवर मॅग्निफिकेशन शंभरात एक, म्हणजे तिथे तुला अख्खं २.८ मिळतंय, निश्चिंत राहा.

गंमत म्हणजे माझ्याकडे उलटं आहे. संध्याकाळी तळ्यावर चतुर उडत असतात, तोही अंधार आणि तीही अ‍ॅक्शनच, पण अर्ध्या-पाऊण मीटरवरून ते २.८ मला वापरताच येत नाही. अगदी एकास एकला तर शार्प पट्टा पाव मिलिमीटरही नसतो, एका डोळ्याला फोकस मिळाला तर दुसरा गेला. मग एफ/११ आणि फ्लॅश. फ्लॅश १/१६ पॉवरवर आणला की त्याचा झगमगाट साधारण १/१०००० सेकंदाचाच असतो, पंख जागच्या जागी थिजतात, शटर काहीही असो. तुला ही सोय नाही, खेळाडूच्या डोळ्यांवर फ्लॅश मारलास तर तुलाच रॅकेट बसेल.

काजवी:

मी स्टेजचे फोटो काढते, नाच आणि नाटक, गेली बरीच वर्षं ९० मिमी मॅक्रोवर. तेव्हा वेडेपणा असेल तर मीही त्यात आहे. 😄

मला ही लेन्स का आवडते ते सांगते, कारण वर कोणी बोललंच नाही. मॅक्रो बनवतानाच सपाट वस्तू कडेपर्यंत शार्प यावी हा हिशोब असतो, त्यामुळे पूर्ण उघडी ठेवली तरी ती कोपऱ्यापर्यंत व्यवस्थित असते. काही स्वस्तातल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स कागदावर १.८ असतात पण उघड्या ठेवल्या की सगळ्यावर साय आल्यासारखी दिसते, कडांना जांभळी रेघ येते, मग माणूस त्या २.८ वरच आणून वापरतो. आपलं २.८ हे पहिल्या दिवसापासून वापरायचं २.८ आहे. तुमच्या सैल तारेचं रहस्य तेच.

स्टॅबिलायझेशनबद्दल. निकॉनने २००६ मध्ये १०५ च्या मॅक्रोत ते आणलं, कॅननने २००९ च्या १०० मिमी एलमध्ये हायब्रिड प्रकार दिला, आणि कॅननचेच आकडे बघितले तर नेहमीच्या अंतराला ४ स्टॉप, एकास एकला २ स्टॉप. पण हे स्टॉप तुमच्या हाताच्या थरथरीचे आहेत. खेळणारी मुलगी तुमच्या स्टॅबिलायझेशनला बांधील नाही. १/५०० ला चालू काय बंद काय, फोटोत फारसा फरक नाही. मी चालू ठेवते, व्ह्यूफाइंडर शांत राहतो आणि चेहऱ्यावर पॉइंट धरणं सोपं जातं एवढ्याच कारणासाठी.

एक्स्पोजर मात्र मॅन्युअल करून टाका. हॉलचे दिवे मॅचभर तेवढेच असतात, कॅमेरा उगीच पांढरी भिंत मागे आली की फोटो काळवंडवतो आणि काळा पडदा आला की चेहरा जाळतो. १/५००, एफ/२.८, आयएसओ ३२००, तुमच्या आकड्यांवरून हेच निघतंय, ५.६ वरून २.८ वर आलात म्हणजे दोन स्टॉप, १२८०० चं ३२००. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा नाही.

एफ_एकआठ:

बरं, आता दोन ओळींपेक्षा जास्त लिहितो, माळरानची खोड मोडायला.

८५ एफ/१.८ मध्ये २.८ पेक्षा सव्वा स्टॉपहून थोडा जास्त उजेड आहे. तेच ३२०० चं काम साधारण १२५० च्या आसपास येतं, किंवा आयएसओ तोच ठेवून १/५०० चं १/१२५० करा. १/५०० ला स्मॅशचा हात हलतोच, हे कोणीच मोकळेपणी कबूल करत नाहीये. आणि लोक म्हणतात १.८ ला डेप्थ (शार्प राहणारा पट्टा) मिळत नाही, तर गणित मांडा, क्रॉप बॉडीवर १० मीटरवर १०५ एफ/२.८ ला साधारण एक मीटर आणि ८५ एफ/१.८ ला पण साधारण एक मीटर. ८५ मध्ये माणूस फ्रेममध्ये लहान येतो, एवढंच. फोकसचा फेरा लहान, वजन कमी.

मॅक्रोच हवी आणि जास्त उजेडही हवा असं असेल तर पर्याय फार नाहीत, टॅमरॉनची ६० मिमी एफ/२ आहे क्रॉपसाठी, ती हॉलला आखूड पडेल. झाइसची १०० मिमी एफ/२ मॅक्रो सुंदर, पण फोकस हाताने आणि एकास दोनपर्यंतच. म्हणजे घुमून फिरून ८५.

माळरान:

वरच्या गणिताला माझी हरकत नाही, बरोबर आहे. पण १०५ चा क्रॉपवर जो १५७ सारखा घट्टपणा मिळतो तो ८५ ला नाही, नंतर कापावं लागतं आणि कापलं की मिळवलेल्या उजेडातला थोडा परत जातो. दोन्ही असतील तर पहिला गेम ८५ ने काढ आणि चेहरे टिपायला १०५ लाव. एकच आहे तर हीच लाव.

आता उभं कुठे राहायचं ते, कारण माझ्या मते लेन्सपेक्षा याने जास्त फोटो वाचतात. १० मीटरवर तुझी फ्रेम आडवी धरलीस तर साधारण सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. म्हणजे उडी मारली की डोकं नाहीतर पाय, दोन्हींतलं एकच. कॅमेरा उभा धर. कोर्ट १३.४० मीटर लांब, तू एका टोकाच्या मागे दोनेक मीटरवर बसलास तर पलीकडच्या बाजूच्या मध्यावरची पोरगी तुझ्यापासून १२ मीटरच्या आसपास, तिथे उभ्या फ्रेमची उंची २.७ मीटर होते, उडी आणि वर केलेली रॅकेट दोन्ही बसतात. लेक ज्या बाजूला खेळतेय त्याच्या समोरच्या टोकाला बस. गेम संपला की बाजू बदलतात, तूही बदल.

यात एक खोच आहे, मधली जाळी. फोकस पॉइंट जाळीवर पडला की लेन्स जाळीलाच चिकटते, आणि जाळीच्या विणीत कॉन्ट्रास्ट भरपूर असल्यामुळे तिला ती आवडतेही फार. एकच पॉइंट वापर, मधला, आणि तो जाळीच्या पांढऱ्या पट्टीच्या वर चेहऱ्यावर ठेव, छातीवर नको. फोकस सतत चालणारा, एएफ-सी. शटरवरून फोकस काढून मागच्या बटणावर दे, म्हणजे जाळी आडवी आली की अंगठा उचलायचा, लेन्स आहे तिथे थांबते. मेनूत समोरून काही आडवं गेलं तर फोकस किती लवकर उडी मारणार याचं सेटिंग असेल तर ते उशिराकडे सरकव.

आणि बर्स्ट (बोट दाबून धरलं की लागोपाठ निघणारे फोटो) लांबलचक सोडू नकोस. स्मॅश मारायला पोरगी वर जाते तेव्हा अगदी टोकावर एक क्षण शरीर थांबल्यासारखं असतं, रॅकेट मागे, डोळे वर. तो क्षण १/३२० लाही मिळतो. शटल मारल्यावर बोट दाबलंस तर १/२००० सुद्धा कमी.

अर्धाउजेड:

एवढं सगळं! मला वाटलेलं दोघंतिघं हसतील आणि सोडून देतील. खटका आत्ताच सरकवला, नुसतं खिडकीतून समोरची गच्ची आणि मग टेबल असं मागेपुढे करून बघितलं, फरक जाणवतोय. रविवारी मॅच आहे, येऊन सांगतो.

अर्धाउजेड:

आलो. जरा लांबलं लिहिणं कारण दोनशे चाळीस फोटो छाटत बसलो होतो.

कामाचे एकसष्ट. बारावरून एकसष्ट! सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर पॉइंटच्या आधी रेषेवर फोकस करून ठेवण्याने, खटका त्याच्या खालोखाल. पहिल्या गेममध्ये उत्साहात जमिनीवर फोकस करायचंच विसरलो तर पुन्हा तेच घर्र घर्र, तेव्हा पटलं. मागच्या बटणाची सवय व्हायला मात्र अर्धा गेम गेला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर रुसल्यासारखे वागत होते. आणि उभा कॅमेरा धरून हात भरून आले, ती लेन्स तळ्याकाठी कधी जड वाटली नव्हती.

काजवीताई, मॅन्युअल एक्स्पोजरने चेहरे एकसारखे आले, पण एक भानगड दिसली. एकाच बर्स्टमधल्या लागोपाठच्या फोटोंत एक ठीक, दुसरा अंधारलेला आणि नारिंगी, तिसरा पुन्हा ठीक. सेटिंग तर मी हलवलंच नाही. लेन्स गेली की काय?

काजवी:

लेन्स ठणठणीत आहे हो, दिवे लुकलुकतायत. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/५०० चं शटर त्यातला छोटासा तुकडाच उचलतं, कधी उजळ कधी काळा. आणि कमी होताना काही दिव्यांचा रंगही बदलतो, म्हणून नारिंगी. १/१०० ला सगळे फोटो सारखे येतील पण मुलगी हलेल, तो उपाय नाहीच. तुमच्या बॉडीत फ्लिकर रिडक्शन असेल तर चालू करा, कॅमेरा उजेड वर असतानाच शटर सोडतो, बर्स्ट किंचित मंदावतो. नसेल तर एकेका क्षणाला दोन-तीन फोटो घ्यायचे आणि उजळ असेल तो ठेवायचा, मी जुन्या बॉडीवर हेच करायचे.

एफ_एकआठ:

एकसष्ट बरे आहेत. ८५ ने शंभर आले असते. (सांगितल्याशिवाय राहवत नाही, माफ करा.)

अर्धाउजेड:

@एफ_एकआठ मित्राकडे आहे ८५, पुढच्या मॅचला मागून आणतोय, मग एकाच हॉलमध्ये दोन्हींचे टाकतो इथे, भांडा मनसोक्त.

बाकी लेकीला मोठ्या कौतुकाने सगळे एकसष्ट दाखवले. उडी बघ, चेहरा बघ, रॅकेटच्या तारा बघ. तिने पाचसहा बघितले आणि विचारलं, "बाबा, पण शटल कुठंय?" एकाही फोटोत नाही. स्मॅशच्या तर नाहीच नाही.

माळरान:

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा गिनेस विक्रम ताशी ५६५ किलोमीटरचा आहे, २०२३ चा. त्या वेगाला १/१००० सेकंदात शटल १५-१६ सेंटिमीटर पुढे जातं. तुझ्या लेकीचा तेवढा नसेल, पण फ्रेमच दीड-पावणेदोन मीटर रुंद आहे, बोट दाबेपर्यंत ते बाहेर.

शटल हवं असेल तर सर्व्हिस करताना काढ, तेव्हा ते हातात असतं.